बेटावरची माती आणि गणपतीचा उंदीर

माझ्या नवऱ्याला जपानला जायचं होतं. तिथे एक पवित्र बेट आहे. भरतीच्या पाण्यात उभी असलेली लाल कमान आहे, डोंगरावर देवळं आहेत आणि गावात हरणं मोकळी हिंडतात. ती हरणं माणसांच्या खिशातून नकाशे ओढून खातात, त्यामुळे कागद कुठे ठेवायचे याचाही त्याने विचार करून ठेवला होता. दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये आम्ही निघणार होतो आणि आमच्यामागे इथलं, आयर्लंडमधलं, क्लोनडॉकिनचं घर सांभाळायला सासूबाई पुण्याहून फेब्रुवारीतच आल्या होत्या. मग सगळं जग बंद झालं. आम्हीही घरात आणि घर सांभाळणाऱ्याही घरात, अशी परिस्थिती झाली.

आम्हा तिघांत सगळ्यात कमी तक्रार सासूबाईंनी केली, हे मान्य करायला हवं. थंडी, पाऊस, फक्त ब्रेडची दुकानं उघडी, हे सगळं त्यांनी चालवून घेतलं. एकच गोष्ट त्यांना सहन झाली नाही. त्या वर्षी पुण्याच्या घराला कुलूप होतं आणि त्यांचा गणपती बसला नाही. त्या लग्न होऊन आल्यापासून असं कधीच झालं नव्हतं. इथे आम्ही वाटीभर तांदळावर सुपारी ठेवून पूजा केली. त्यांनी हात जोडले, आरती म्हटली आणि पुढचं वर्षभर त्या सुपारीचा उल्लेख "तुमची ती सुपारी" असा केला.

तेव्हा दोन हजार एकवीसमध्ये गणपती नीट बसणार, हे ठरलेलंच होतं. मातीची मूर्ती, वाहनासकट, आणि घरच्या स्वयंपाकघरात केलेला नैवेद्य. सासूबाईंचं घरी जाणं पुन्हा पुढे गेलं होतं, कारण तिकडच्या बातम्या ऐकून आम्हीच त्यांना सोडत नव्हतो. त्या फक्त म्हणाल्या, "मी इथे, तर तोही इथे. पण यंदा सुपारी नको."

आणि जूनमध्ये आमच्या घरात उंदीर आले.

मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून मी दिवसभर धुळीचे कण शोधते. अशा बाईने संध्याकाळी घरी येऊन पिठाचा डबा असलेलं प्रेस उघडावं (इकडे कपाटाला प्रेस म्हणतात) आणि आत लेंड्या दिसाव्यात, यात न्याय नाही. मी त्याच दिवशी सापळे आणले. सासूबाईंनी ते पिशवीतून बाहेरही काढू दिले नाहीत.

"ज्या घरात गणपती बसायचाय, त्या घरात त्याचं वाहन मारायचं?"

मी म्हटलं, वाहन मारत नाही, पार्किंगची शिस्त लावतेय. त्यांना ते आवडलं नाही. उंदीर मारायचे नाहीत, हा त्यांचा एक नियम. उंदीर फिरलेल्या ओट्यावर नैवेद्य करायचा नाही, हा दुसरा. दोन्ही एकत्र धरले तर उंदरांनी आपणहून, जिवंत आणि गणपतीच्या आधी निघून जायला हवं होतं. नाहीतर यंदाही सुपारी. मांजर आणावं म्हटलं, तर घरमालकाला प्राणी चालत नव्हते. नवऱ्याचं ग्रँड कॅनाल डॉकचं ऑफिस आता आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं होतं. त्याच्या मीटिंगमध्ये डिशवॉशरमागची खुडबुड ऐकू यायची आणि तो साहेबांना सांगायचा, की आई भांडी लावतेय.

हे सगळं मी कारखान्यात जेवताना सांगितलं, तेव्हा डोनेगलच्या किनाऱ्यावरची एक सहकारी सँडविच खाली ठेवून म्हणाली, मग बेटावरची माती आणा ना. तिच्या गावासमोर समुद्रात एक बेट आहे. फार पूर्वी एका संताने तिथल्या उंदरांना बेट सोडायला सांगितलं आणि ते गेले. तिथली माती घरात ठेवली की उंदीर राहत नाहीत. मरत नाहीत, निघून जातात. कोळी ती होड्यांमध्ये ठेवतात. ती विकत मिळत नाही आणि आपल्या हाताने उचलायचीही नाही. बेटावरच्या एका घराण्यातला सगळ्यात वडीलधारा माणूसच ती देऊ शकतो, तीही मागितली तर.

घरी येऊन मी हे गंमत म्हणून सांगितलं. नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बोट किती वाजता असते?"

जुलैच्या शेवटी आम्ही निघालो. एव्हाना तिघांच्याही लशी झाल्या होत्या, आणि नवऱ्याने जपानसाठी घेतलेली पाठीवरची पिशवी, टोपी आणि दुर्बीण बाहेर काढली होती. "पवित्र बेट ते पवित्र बेट," असं तो मला म्हणाला, पण आवाज काही तसा नव्हता. त्याने दोन दिवसांचा कार्यक्रम छापून घडी करून मागच्या खिशात ठेवला. बोट लहान होती आणि समुद्र मोठा. सासूबाई साडीवर माझं जाड जाकीट, पायात बूट आणि तोंडात आवळासुपारी अशा थाटात पुढे तोंड करून बसल्या होत्या. दुर्बीणवाला पूर्ण वेळ बादलीत बघत होता. मास्क काढायचा की ठेवायचा, हा प्रश्न त्याला दोनदा अगदी ऐन वेळी पडला.

बेट बोडकं होतं. झाड नाही, नुसतं गवत, दगड आणि वारा. धक्क्याजवळ एक जुना गोल मनोरा, देवळाच्या पडक्या भिंती आणि एक दगडी क्रूस. सासूबाईंनी बूट काढून त्या भिंतींना प्रदक्षिणा घातली. तिथे आलेली एक आयरिश बाईही त्याच दिशेने फिरत होती. दोघींनी मानेने एकमेकींना वाट दिली. नंतर आम्ही कड्यावर गेलो. तिथे पफिन नावाचे पक्षी होते. काळा कोट, पांढरं पोट आणि रंगवल्यासारखी चोच. सासूबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत होत्या. एक पक्षी मासे तोंडात धरून आला, उतरताना धडपडला आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने चालू लागला.

"अगदी तुझ्या सासऱ्यांसारखा," त्या मला म्हणाल्या. "बाजारातून असेच यायचे."

खाली खडकांवर सील पडले होते. त्यांना बघून त्या म्हणाल्या, की हे काही कामाचे दिसत नाहीत. नवऱ्याने मात्र जपानच्या हरणांचा विषय काढलाच. तिथे म्हणे हरणं माणसाजवळ येतात, हातातून खातात, एक वेगळंच नातं असतं. हे तो सांगत असताना मागून एक गाढव आलं आणि त्याच्या खिशातला कार्यक्रम ओढून शांतपणे खाऊ लागलं. दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंतचा भाग गेला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

"घे," सासूबाई म्हणाल्या. "तुझं नातं आलं."

माती देणाऱ्या आजोबांचं घर शोधावं लागलं नाही, कारण आम्ही कशाला आलोय हे आमच्या आधी गावात पोचलं होतं. आजोबा दारात खुर्ची टाकून बसले होते. वय सासूबाईंपेक्षा जास्त, पाठ ताठ. मी सहकारिणीने शिकवल्याप्रमाणे नीट मागणी केली. त्यांनी आधी चौकशी केली. मांजर ठेवून पाहिलं का? सापळे? मी म्हटलं, सापळे लावता येत नाहीत, कारण उंदीर हे आमच्या देवाचं वाहन आहे. मग देव कोणता, हे सांगणं आलं. हत्तीचं डोकं, मोठं पोट, आणि बसायला उंदीर. आजोबांनी थोडा विचार केला.

"केवढा उंदीर?" त्यांनी विचारलं.

मी हे मराठीत सांगितलं. सासूबाईंनी हाताने दाखवलं, एवढाच, नेहमीचा. आजोबांनी देवाविषयी आणखी काही विचारलं नाही, पण त्यांच्या नजरेत त्या उंदराबद्दल आदर आला, हे मी पाहिलं.

ते आम्हाला पडक्या भिंतीपाशी घेऊन गेले, टोपी काढली, त्यांच्या भाषेत काही म्हणाले आणि वाकून माती उचलली. मी डबी पुढे केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सासूबाईंनी जाकिटाची चेन उघडून पदर पसरला होता. मधे दोन मीटरचं अंतर ठेवायचे ते दिवस. आजोबा थबकले आणि मला म्हणाले, यांना जवळ आलेलं चालेल का? मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "पदरात काय लांबून टाकणार आहेत का?" मग ते जवळ आले आणि दोन ओंजळी माती त्यांनी पदरात घातली. पैसे घेतले नाहीत. चिवडा घेतला. जिथे आम्ही रात्री राहणार होतो तिथल्या बाईकडून मी त्यांच्या घरचा फोन नंबरही घेतला, कारण कोणतीही वस्तू घरात आणताना पुरवठादाराचा संपर्क असावा, ही माझी सवय.

घरी आल्यावर अर्धी माती सासूबाईंनी घराच्या कोपऱ्यांत चिमूट चिमूट टाकली. मी डिशवॉशर ओढून बाहेर काढला, मागे नळाजवळ भिंतीला भोक होतं, ते तारेच्या घासणीने ठासून भरलं आणि वरून जाळी ठोकली. आठवडाभरात खुडबुड थांबली. लेंड्या बंद. मी रोज सकाळी प्रेसमध्ये विजेरी घेऊन तपासत होते, काही नव्हतं. सासूबाईंनी बेटाच्या दिशेने हात जोडले. ती दिशा विमानतळाची होती. नवऱ्याने ऑफिसमध्ये सगळ्यांना मातीची गोष्ट सांगितली. जाळीची कोणालाही सांगितली नाही.

आता मूर्ती. मी कुंभारकामाच्या सामानाच्या दुकानातून मातीचा एक गठ्ठा मागवला होता. राखाडी, एकसारखी, प्लास्टिकमध्ये सीलबंद. मला ती फार आवडली. सासूबाईंनी बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, की ही माती कधी पावसात भिजलेली नाही. तरी त्यांनी ती मळायला घेतली, कारण दुसरी नव्हती. चार दिवस जेवणाच्या टेबलाचं एक टोक त्यांच्याकडे होतं आणि दुसरं नवऱ्याच्या ऑफिसकडे. त्यांनी यापूर्वी मूर्ती कधी केली नव्हती, पण चाळीस-पन्नास वर्षं मूर्तिकाराच्या दुकानात उभं राहून चुका काढल्या होत्या, आणि तो अनुभव काही कमी नसतो. सोंड जमली, पोट तर उत्तमच. शेवटी उंदीर केला. कान मोठे, पुढचे पाय जोडलेले, आणि चेहरा किंचित आमच्या घरमालकासारखा.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी नवरा कॉफी घेऊन मूर्तीपुढे उभा राहिला. छान झालीय म्हणाला. रंग कसा तांबूस आलाय, आणली तेव्हा तर राखाडी होती ना?

"बेटाची उरलेली माती घातली त्यात," सासूबाई म्हणाल्या. "जराशी. कारखान्याच्या मातीला काहीतरी आधार नको?"

"उंदरातही?"

"सगळ्यातच. एकाच गोळ्यातून केलंय."

नवरा कॉफी पितापिता हसायला लागला. "म्हणजे आई, उंदीर पळवायच्या मातीचा तू उंदीर केलास."

तो हे बोलून मीटिंगला बसला. त्याला वाटलं, विनोद झाला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात टेबलावर तसेच होते, बोटांना माती, आणि चेहरा सुपारीच्या वर्षीसारखा.

मी व्यावहारिक उपाय सांगितला: राखाडी माती उरली आहे, उंदीर नवा करू. त्या म्हणाल्या, नवा केला तरी बसणार कुठे? पाट त्याच मातीचा, गणपती त्याच मातीचा. ज्या मातीवर उंदीर टिकत नाही तिच्यावर बिचाऱ्याला दहा दिवस बसवायचं? आणि वाहन नको म्हणत असेल तर त्याच्या मालकाने तरी का बसावं? मी म्हटलं, आई, तो मातीचा आहे. त्या म्हणाल्या, "उद्या प्राणप्रतिष्ठा झाल्यावर नसेल."

अख्खी मूर्ती नव्याने करून वाळायला वेळ नव्हता. त्यांनी हात धुतले, डब्यातून एक सुपारी काढली आणि ओट्यावर ठेवली. मी मीटिंगमधल्या नवऱ्याच्या लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि त्याला ती सुपारी दाखवली. मग त्याला विनोद कळला.

पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओवर गाठलं. त्या दिवशी त्यांच्यामागे निम्मं जग लागलं असणार. त्यांनी सगळं ऐकलं, मूर्ती स्क्रीनवर पाहिली, उंदराला जवळून पाहिलं. शास्त्रात असं काही आढळत नाही, म्हणाले. ज्यांची माती, त्यांना विचारा. आणि फोन ठेवला. नवरा म्हणाला, हे तर सरळ टाळणं झालं. सासूबाई म्हणाल्या, नाही, बरोबर सांगितलं त्यांनी.

म्हणून मी बेटावर फोन लावला. फोन स्पीकरवर होता. आजोबांना आम्ही आठवत होतो. चिवडा संपला, हे त्यांनी आधी सांगितलं. मी प्रकरण मांडलं, जसं कारखान्यात एखादा दोष मांडते तसं, क्रमाने. माती कशासाठी दिली होती, कशात वापरली गेली, आता काय अडचण आहे. पलीकडे वारा ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, उंदीर आधी होता आणि मग त्याच्यावर माती टाकली, की उंदीर मातीचाच आहे?

मी म्हटलं, मातीचाच.

ते म्हणाले, "मग तो आमचाच झाला. इथल्या मातीचा आहे तो. त्याला कोण हाकलणार?"

मी मराठीत सांगितलं. शब्दाला शब्द. सासूबाईंनी पुन्हा सांगायला लावलं, मी पुन्हा सांगितलं. त्या फोनकडे वाकून म्हणाल्या, "विचार त्यांना, नक्की ना?"

"ग्रँड," आजोबा म्हणाले. इकडे 'अगदी ठीक' याला ग्रँड म्हणतात; एवढं भाषांतर न करताही कळत होतं. मग त्यांनी विचारलं, पूजा संपल्यावर त्याचं काय करता? मला हा प्रश्न नको होता. मी खरं ते सांगितलं, की बादलीत पाणी घेऊन सगळं विरघळवतो. नवऱ्याने डोळे मिटले. आजोबा म्हणाले, की पाणी मात्र दारातच ओता, शेजाऱ्यांचंही भलं होईल.

सासूबाईंनी सुपारी उचलून डब्यात टाकली. मूर्तीपाशी जाऊन उंदीर पाटावर नीट बसवला, थोडा मागे, थोडा पुढे, आणि शेवटी त्याचं तोंड गणपतीकडून वळवून स्वयंपाकघराकडे केलं. नवऱ्याने विचारलं, आई, तो देवाकडे बघत असतो ना?

"इथला आहे ना तो," त्या म्हणाल्या. "मग घराकडे बघू दे." आणि माझ्याकडे वळून, "तू काय बघतेस? तांदळाची पिठी काढ."

मी प्रेस उघडलं, सवयीने विजेरी मारली आणि पिठी काढली. सकाळी गणपती बसला. नवऱ्याने पूजा केली, सासूबाईंनी त्याला मंत्रांत दोनदा अडवलं, आणि मोदक त्या ओट्यावर झाले, ज्याच्यामागे मी घासणी ठासून वर जाळी ठोकली होती. आरतीनंतर मी हे पुन्हा एकदा सगळ्यांना समजावून सांगितलं. भोक, घासणी, जाळी. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हो गं, तीही असू दे." मग त्यांनी एक मोदक उचलून उंदरापुढे ठेवला.